जोड्यातला भाडेकरू

जोडे शिवणाऱ्याच्या दुकानात माणसं येतात आणि जातात, पावलं मात्र मागे राहतात. ही हकिगत अशाच एका पावलाची आहे.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याकडे एकच खिडकी, खिडकीपाशी बसकं स्टूल, आणि उरलेल्या तिन्ही भिंतींवर खिळ्यांना टांगलेले लाकडी फर्मे. ज्यानं एकदा पायाचं माप दिलं, त्याच्या पावलाबरहुकूम लाकूड घडवायचं आणि त्यावर कातडं ओढून जोडा शिवायचा, ही त्या घराची दोन पिढ्यांची रीत. फर्म्यावर ना नाव लिहायचं, ना आकडा. पाऊल बघून माणूस ओळखता येत नसेल तर हा धंदा करावाच कशाला, असं वडील म्हणत. त्यांना सगळी पावलं ओळखू येत. त्यांच्यामागं दुकान सांभाळणाऱ्या मुलालाही येत, निदान तसा त्याचा समज होता. तो मुलगा आता सत्तरीला टेकला होता आणि सगळे त्याला मापवाले म्हणत.

खिडकीच्या वरच्या खिळ्याला फर्म्यांची एक जोडी एकटीच असे. ती दादाची. दादा म्हणजे मापवाल्यांचा थोरला भाऊ. विसाव्या वर्षी लढाईवर गेला तो परत आलाच नाही. त्याची टोपी आली नाही, की जेवणाचा डबाही आला नाही. चौकातल्या दगडावर सतरा नावं कोरलेली आहेत, त्यांत अकरावं त्याचं. वर्षातून एकदा सकाळी सगळे लोक त्या दगडापाशी गुपचूप उभे राहत. त्याच्या आदल्या दिवशी मापवाले दुकानाचं दार अर्धं लोटून घेत, ती जोडी उतरवत आणि तिला जवसाचं तेल लावत. वडील गेल्यापासून एक्केचाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. तेल पिऊन पिऊन ते लाकूड मधासारखं झालं होतं.

त्या दिवशी दुपारी ऊन खिडकीतून तिरपं आत आलं होतं. मेणाचा आणि तेलाचा वास एकमेकांत मिसळला होता. मांडीवर दादाचा फर्मा घेऊन मापवाल्यांचा जरा डोळा लागला. अशा डुलकीत त्यांना नेहमी एकच दिसायचं. भिंतीवरची सगळी पावलं हळूच खाली उतरतात, रांगेनं दाराबाहेर पडतात आणि रस्ता जिकडे धूसर होतो तिकडे चालू लागतात. पुढे दादाची पावलं. हाक मारावी तर तोंडातून आवाज फुटत नसे.

जिन्यावर काहीतरी वाजलं आणि ते जागे झाले. ताई खाली येत होती, एक हात भिंतीवर ठेवून, पायरीपायरीनं. ताई दोघा भावांहून मोठी, आता ब्याऐंशीची. दोन वर्षांपूर्वी तिची नजर पार गेली, तेव्हापासून ती वरच्या खोलीतून फारशी हलत नव्हती. पडलीबिडलीस तर कोण उचलणार म्हणून मापवाले करवादले. तिनं तिकडे लक्षच दिलं नाही. चाचपत स्टूल गाठलं आणि बसली.

"दे बघू इकडे," ती म्हणाली. "त्याचा फोटो आता दिसत नाही. निदान पाय तरी बघते."

त्यांनी डावा फर्मा तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही तळव्यांत धरला, आंगठा बाहेरच्या कडेवरून फिरवला, पुन्हा फिरवला. मग उजवा मागितला. मग परत डावा. तिच्या चेहऱ्यावरचं हसू विरत गेलं.

"हा आपला नाही रे."

मापवाले हसले. म्हातारपणी बोटंही दगा देतात म्हणाले. एक्केचाळीस वर्षं मी या लाकडाला तेल लावतोय, मला कळणार नाही होय?

"तेल तू लावलंस, बाळा. पाय मी धुतलेत."

मग तिनं सांगितलं. दादा नऊ वर्षांचा असताना भिंतीवरून उडी मारून पडला होता. डाव्या पायाचं बाहेरचं हाड वाकडं जुळलं आणि तिथं सुपारीएवढा उंचवटा राहिला. वडलांनी फर्म्यावरही तो ठेवला होता. या पावलावर तो नव्हता. हे पाऊल लांब होतं, चवड्याला अरुंद, वरून उंच. आणि हे कुणाचं, तेही तिला आठवलं. लढाईच्या दिवसांत पलटण चार दिवस शाळेत मुक्कामाला होती. त्यातला एक उंच पोरगा माप देऊन गेला, परतताना जोडे नेतो म्हणाला. तो येईल म्हणून वडलांनी त्याची जोडी वेगळी टांगली असणार, आणि मापवाल्यांनी ती दादाची धरली. मापाची फीत त्या वेळी तिनंच धरली होती. त्याचं नाव कुणी विचारलंच नव्हतं.

भिंतीकडे बघताना मापवाल्यांना पहिल्यांदाच आपली लाज वाटली. दादा या खोलीत नसेल तर मग तो कुठेच नव्हता.

ते एकेक फर्मा काढून ताईच्या मांडीवर ठेवू लागले. ती बोटं फिरवायची आणि परत द्यायची. हा शिंप्याचा, अजून तसाच फेंगडा चालत असेल. हा शाळेतल्या मास्तरांचा, पायसुद्धा कसा छडी घेतल्यासारखा ताठ. ही कोण बाई, हिला जोडे चावत असणार, तुझंच काम दिसतंय. एरवी मापवाल्यांनी तोडीस तोड उत्तर दिलं असतं. आज ते नुसते खिळ्याकडे जात आणि येत होते. ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं, भिंतीवरून तांबूस झालं. दोनशे पावलं ताईच्या मांडीवरून गेली, दादा काही सापडला नाही.

उरली होती फक्त पाटावरची जोडी. पाववाल्याचे नवे जोडे तिच्यावर शिवून तयार होते. उद्या चौकात उभं राहायला त्याला ते हवे होते. पाववाला दादाच्याच वयाचा. त्यालाही पलटणीत जायचं होतं, पण तळवे सपाट आणि पाय पसरट म्हणून त्याला परत पाठवलं होतं. जोडे तो जन्मभर इथलेच घाली आणि दर वेळी एकच तक्रार करी. डावीकडे बाहेरच्या बाजूला थोडी जागा मोकळी राहते. तुझ्या वडलांनी माझ्या जोड्यात भाडेकरू ठेवलाय, म्हणायचा.

मापवाल्यांचे हात जागीच थांबले.

त्यांनी डाव्या जोड्यातून फर्मा ओढून काढला. त्यावर वडलांच्या हातचे कातड्याचे तुकडे ठोकलेले होते. अरुंद लाकूड रुंद पायाच्या मापाला आणायचं तर असंच करतात. चुका, म्हणजे ते बारीक खिळे, त्यांनी एकेक करून उपटल्या. एक थर निघाला, दुसरा निघाला, तिसरा निघाला. आत लाकूड कोरं राहिलं होतं, नुकतंच घडवल्यासारखं. कडेचा सुपारीएवढा उंचवटा वडलांनी तासला नव्हता.

त्यांनी फर्मा ताईच्या हातात दिला. तिचा आंगठा थेट त्या जागी गेला आणि तिथेच थांबला. मग पदरानं तिनं ते पाऊल पुसलं, चिखल पुसावा तसं.

पाववाल्यासाठी दुसरं लाकूड घडवीन आणि हा आता खिडकीपाशी टांगीन, असं मापवाले म्हणाले. ताईनं नाही म्हणून मान हलवली.

"बाबांनी त्याला टांगून ठेवला नाही. त्यांच्या मनात काहीतरी असणार. लाकडाची टंचाई होती की त्यांना तो चालायला हवा होता, आता कुणाला विचारणार? चढव ते कातडं परत."

"आणि मी एवढी वर्षं ज्याला तेल लावलं, त्याचं काय?"

"त्याला दुसरं कोण आहे?"

दिवे लागायच्या आत मापवाल्यांनी चुका जुन्याच भोकांत पुन्हा ठोकल्या. एकही भोक नवं पाडलं नाही. मग उंच पोराची जोडी उचलली, उरलेलं तेल तिला लावलं आणि खिडकीच्या वरच्या खिळ्याला परत अडकवली.

सकाळी पाववाला आला, जोडे घालून दोन पावलं चालला आणि डावा पाय हलवून बघितला.

"आहे, आहे. भाडेकरू अजून आहे."

"राहू द्या त्याला," ताई स्टुलावरून म्हणाली. "आमच्या ओळखीचा आहे."

पाववाला हसला आणि चौकाकडे निघाला. मापवाले टोपी हातात घेऊन त्याच्या मागे चालू लागले, चार पावलं अंतर ठेवून. ताई दारात उभी राहिली. फरशीवर डावं पाऊल पडत होतं, उजवं पडत होतं, पुन्हा डावं. ऐकू येईना झालं तरी ती मोजत उभी होती.