पत्रे मागून येणार

आमच्या घरात मराठीवर पहारा माझा. पणजोबा संस्थानाच्या फौजेबरोबर इंदुरात आले आणि आम्ही इथलेच झालो. तरी सून "मी नहायला जाते" म्हणाली की मी तिथल्या तिथे "आंघोळीला" असं दुरुस्त करते. तिचा चेहरा पडतो. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, उलट आपण भाषा टिकवतोय असं वाटायचं.

म्हणून मराठवाड्यात नदीकाठची गावं पाण्याखाली गेली आणि आमच्या महिला मंडळाने मदत पाठवायचं ठरवलं, तेव्हा तिकडे फोन करायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. तुमची मराठी चांगली, असं सगळ्या म्हणाल्या. मीही नाही म्हटलं नाही.

फोनवर त्या गावातली अंगणवाडीची बाई होती. आवाज दमलेला, पण बोलणं मोजकं.

"ताई, धान्य आलंय, कपडे लई आलेत. पत्रे तेवढे बघा. घराच्या भिंती हायेत, वर काय नाही. आम्ही शाळेत राहतोय, महिनाअखेरीला शाळा भरणार. माझी लेक बाळंतीण आहे, तिला घेऊन कुठं जाऊ?"

मी सगळं नीट ऐकून घेतलं. मग मंडळाच्या आणि सियागंजातल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर, सगळ्यांना कळावं म्हणून, हिंदीत लिहिलं: "बाढ़ में घर उजड़ गए हैं। सबसे ज़्यादा ज़रूरत चद्दरों की है।" आणि फोन बाजूला ठेवून भाजी निवडायला बसले.

सामान गोळा करायचं ठिकाण म्हणजे सियागंजातल्या एका किराणा व्यापाऱ्याचं गोदाम. माझे गुडघे दुखतात, त्यामुळे मी तिकडे फिरकले नाही. चार दिवसांनी त्यांचाच फोन आला, "भाभीजी, लोगों ने दिल खोल दिया, चद्दरों का ढेर लग गया." मी दुपारभर त्याच आनंदात होते. बघा, शब्द नेमका असला की काम होतं, असं सुनेलाही ऐकवलं.

ट्रक निघाला तेव्हा मात्र मी गेले, नारळ मीच फोडला. वर ताडपत्री आवळलेली होती. माल थोडा फुगीर दिसतोय, असं मनात येऊन गेलं. विचारलं नाही. सगळे माझं कौतुक करत होते आणि मला ते ऐकायचं होतं.

तिसऱ्या दिवशी त्या बाईचा फोन आला.

"पोचलं ताई. बाया खूश हायेत. नवीकोरी बेडशीटं, फुलाफुलांची." मग तिने विचारलं, "पत्रे मागून येणार का?"

तोंडातून निघून गेलं, "हो, मागून येणार."

फोन ठेवला तेव्हा सून समोरच होती. तिने माझा मेसेज वाचला आणि हळूच म्हणाली, "आई, तुम्ही टीन की चद्दर नाही लिहिलं. खाली चद्दर म्हटलं तर सगळे अंगावर ओढायचीच समजणार ना." आमच्या मागच्या शेडवर जे पत्रे आहेत त्यांना आमचा कारागीर चद्दर म्हणतो, मीही म्हणते. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे लोखंडच होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या दिवशी तिच्या त्या 'खाली'ला मी 'नुसतं' असं दुरुस्त केलं नाही.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, चूक माझी आहे, टीनच्या चद्दरी हव्यात, शाळा सोमवारी भरतेय. लिहिताना लाज वाटली, पण लिहिलं. उत्तरादाखल जोडलेले हात आले. एकाने लिहिलं, "भाभीजी, अभी तो भेजा था." दुसऱ्याने दिवाळीनंतर बघू म्हटलं. त्यांना काय बोलू? मागितलं तेच त्यांनी दिलं होतं. मी लोखंडाच्या दुकानात स्वतः गेले, गुडघ्यांसकट. आमच्या ऐपतीत एका घराचे पत्रे बसत होते. ते घेतले, पण तेवढ्यासाठी लगेच गाडी निघेना. मानपुराकडून खाली महाराष्ट्रात जाणाऱ्या एका ट्रकवाल्याने पुढच्या आठवड्याचं कबूल केलं.

रविवारी अंगणवाडीच्या बाईने फोटो पाठवला. चार ओल्या भिंती, वर आडवे बांबू आणि बांबूंवर गाठी मारून ताणलेल्या चादरी, गुलाबी फुलांच्या, निळ्या मोरांच्या. मधोमध पाणी साचून झोळ आला होता. खाली खाटेवर तिची लेक बाळाला घेऊन बसली होती.

फोटोखाली लिहिलं होतं, "पत्रे येईस्तोवर."

तिच्या गावात चाळीस घरं आहेत. मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही.