माझ्या बाजूचा क्लच

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत क्लच आणि ब्रेक दोन ठिकाणी असतात. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरी शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी त्या दुसऱ्या जोडीसमोर जाऊन बसले तेव्हा माझा जीव अर्धा झाला होता. गाडीची भीती नव्हती. आमच्या मळ्यातली भाजी आणि फुलं घेऊन मी वर्षानुवर्षं नाशिकच्या मार्केटला पिकअप पळवली आहे, तीही थंडीतल्या धुक्यात. भीती होती ती तोंड उघडायची.

झालं असं, की यांचे गुडघे बोलायला लागले, मळा वाट्याने दिला आणि पिकअप विकली. घरी बसून मी भांड्यांशी इतकी भांडायला लागले, की यांनीच ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांशी परस्पर बोलून ठेवलं. बायकांना शिकवायला त्यांना बाई हवीच होती. मालक म्हणाले, "वहिनी, महिनाभर बघा. जमतंय की नाही ते तुम्हीच सांगा." मला ते काम मनापासून हवं होतं. तरी घरी येऊन यांच्यावरच उखडले, "मला कुठं शिकवता येतंय? मला तरी कोणी शिकवलंय?"

आणि ते खरंही वाटायचं. लग्नानंतर एकदा दसऱ्याच्या तोंडावर यांचा हात मोडला. झेंडू तोडणीला आलेला, पिकअप दारात, आणि चालवायला कोणी नाही. सासऱ्यांना गाडी येत होती, पण त्यांची नजर अधू झालेली. ते म्हणाले, "सूनबाई, बस तू. येतंय समदं." आता सासऱ्याने सुनेच्या शेजारी बसायचं म्हणजे आमच्या घरात काहीतरीच. म्हणून ते मागे हौद्यात, क्रेटवर जाऊन बसले आणि केबिनमध्ये मी एकटी, पदर सावरत. टपावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. गाडी बंद पडली, वांग्यात घुसली, पुन्हा निघाली, आणि मागून थापांखेरीज अवाक्षर नाही. झेंडू वेळेवर मार्केटला पोचला. पण क्लच कसा सोडायचा हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मलाही ते कधी कोणाला सांगावं लागलं नाही.

तर नशिबाने मला पहिल्याच विद्यार्थिनी मिळाल्या त्या एक मुख्याध्यापिका. निवृत्तीला आलेल्या, आवाज असा की मी बसल्या जागी ताठ व्हायचे. त्यांनी नवी गाडी घेऊन दारात ठेवली होती आणि ती स्वतः चालवत निफाडला बहिणीकडे जायचं एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"क्लच हळू सोडा," मी म्हणाले.

"हळू म्हणजे किती हळू?"

"हळू म्हणजे... हळूच की."

"ताई, ही काही व्याख्या झाली नाही."

गाडी बंद पडली तर म्हणतील, हिला शिकवता येत नाही. म्हणून मी गुपचूप माझ्या बाजूचा क्लच दाबला आणि अलगद सोडला. गाडी कशी लोण्यासारखी निघाली. मग तेच अंगवळणी पडलं. मॅडम स्टेअरिंग फिरवायच्या, बाकीचं माझा पाय बघायचा. "तुमची गाडी फार समजूतदार आहे हो," असं त्या कौतुकाने म्हणायच्या. मालकांनी मला सांगितलं, की मॅडम जाम खूश आहेत. यांनी पेढे आणले. मला तो पेढा गोड लागला नाही. गाडी कोण चालवत होतं ते मला ठाऊक होतं. महिना संपला की जमत नाही म्हणून सांगायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मॅडमचा फोन आला. "ताई, आज माझी गाडी काढू. निफाडला बहिणीने पुरण शिजायला टाकलंय."

मी त्यांच्या गाडीत शेजारी बसले आणि माझा पाय सवयीने खाली चाचपू लागला. खाली नुसती मॅट. दोन्ही टोकांना लाल एल लावलेली ती गाडी सोसायटीच्या गेटपाशी दचकली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा दचकली. वॉचमन आपली खुर्ची उचलून भिंतीमागे गेला. मॅडमनी पर्समधून मोबाइल काढला. "गाडीत दोष आहे. शोरूमला फोन लावते."

आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. "मॅडम, गाडी चांगली आहे. इतके दिवस क्लच मी सोडत होते, माझ्या बाजूने."

"का?"

"मला सांगता येत नाही म्हणून. मला लाज वाटायची."

मला वाटलं, आता या मला वर्गाबाहेर काढणार. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "मग आता सांगा," त्या म्हणाल्या. "मी थांबते." आणि खरंच, हात मांडीवर ठेवून त्या थांबल्या.

त्यांच्या त्या थांबण्याकडे बघता बघता मला सुचलं. "मॅडम, गोंगाट करणाऱ्या वर्गात तुम्ही शिरता तेव्हा काय करता?"

"दारात उभी राहते. आवाज आपोआप खाली येतो. मग पुढे जाते."

"बस्स, तेवढंच. क्लच उचला, गाडी थरथरली की पाय तिथंच उभा करा. तिचं ती निघंल."

गाडी निघाली. थोडी कुरकुरत, पण मॅडमच्या पायाने. जन्मात पहिल्यांदाच गाडीत बसल्यासारख्या त्या हसल्या.

नाशिकच्या द्वारका चौकात मात्र सिग्नल सुटला आणि आमची गाडी मधोमध बंद पडली. मागे बस, बाजूला रिक्षा, सगळे हॉर्नवर हात ठेवून बसलेले. मी जिवाच्या आकांताने मॅट दाबत होते.

"ताई, पाय वर घ्या," मॅडम समोर बघत म्हणाल्या. "मला दिसतंय."

मी चपला काढल्या आणि भर चौकात, सीटवर चक्क मांडी घातली. काही सांगावं तर त्या गोंगाटात ऐकू कोणाला जाणार? माझा हात आपसूक खिडकीबाहेर गेला आणि मी टपावर दोन थापा मारल्या.

"हे काय?"

"दोन थापा म्हणजे चल."

त्यांनी किल्ली फिरवली, क्लच उचलला, थरथर होताच पाय थांबवला आणि गाडी रांगेतून बाहेर पडली. मला हसू आलं आणि रडूही आलं. मला कोणी शिकवलं नाही, असं मी इतकी वर्षं सांगत फिरले होते. सासरे मर्यादेपोटी मागे बसले असतील, पण तिथून त्यांचा हात स्टेअरिंगपर्यंत पोचत नव्हता, म्हणून गाडी मला आली. हे त्यांना सांगायला हवं होतं. ते आता नाहीत, याचं त्या क्षणी फार वाईट वाटलं.

निफाडला बहिणीने पुरणपोळीवर तूप वाढलं. मॅडमनी रस्त्याचं वर्णन असं काही केलं, की द्वारका म्हणजे रणांगणच. माझी मांडी त्यात दोनदा आली.

सोमवारी मालकांनी विचारलं, "वहिनी, महिना झाला. काय ठरलं मग?"

"माझ्या बाजूचा क्लच काढून टाका," मी म्हणाले.

"आणि ब्रेक?"

"ब्रेक राहू द्या."

ते हसले आणि त्यांनी पुढच्या बाईंची वेळ मला सांगितली.