माझ्या हातचं सलाईन

"कोट्यातून आलेल्यांना नियम भारी प्रिय असतात," सुहासदादा म्हणाले. चकलीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले. आवाज चढवला नाही. हसलेसुद्धा.

दिवाळीचा फराळ होता. नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातलं त्यांचं घर. सोफ्यावर आणखी दोन जोडपी, त्यांच्यासारखीच पुण्याची, आयटीतली. कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. एका वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मुलीच्या फ्रॉकचं बटण लावायला घेतलं. बटण लागलेलंच होतं.

मेधाताई, दादांची बायको, स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. दार उघडं होतं.

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. तिथे नव्या औषधांच्या चाचण्या चालतात. त्यांची औषधं तयार करणाऱ्या गटाची मी प्रमुख. काही रुग्णांना नवं औषध मिळतं, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, हे रुग्णाला माहीत नसतं, डॉक्टरला नसतं, नर्सला नसतं. आम्हाला असतं, कारण सलाईनची पिशवी आम्ही भरतो. भरली की तिच्यावर आतलं दिसू न देणारं तपकिरी आवरण चढवायचं आणि वर वॉर्डात पाठवायची. खऱ्या औषधाची पूड विरघळायला वेळ लागतो. जोरात हलवली तर फेस होतो, म्हणून हळूहळू फिरवत बसायचं. मिठाच्या पाण्यात विरघळवायचं काहीच नसतं. तरी तेवढाच वेळ लावायचा, म्हणजे पिशवी लवकर आली म्हणून वर कोणाला अंदाज यायला नको. तेवढा वेळ मी नुसती बसून असते. समोर पाणी.

मेधाताई संधिवाताच्या चाचणीत आल्या. आमच्याकडे नाव येत नाही, नंबर आणि जन्मतारीख येते. पण ताईंच्या वाढदिवसाचा केक मी त्यांच्याच घरी खाल्ला होता. मला कळलं. त्यांच्या वाट्याला पाणी आलं होतं.

मी त्याच दिवशी आमच्या विभागप्रमुखांकडे गेले. मारलीन त्यांचं नाव. म्हटलं, ही बाई माझ्या ओळखीची आहे, हिची पिशवी दुसऱ्या कोणाला तरी भरू द्या.

"इथे सगळेच कोणाला ना कोणाला ओळखतात," मारलीन म्हणाल्या. "तुला गप्प राहता येतं. म्हणून तर तुला प्रमुख केलं."

गप्प राहता येतं, हे खरं होतं. ते मला घरीच शिकवलं होतं. बाबा पोस्टात कारकून. त्यांनी आडनाव बदलून गावावरून घेतलं, मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. "बोलण्यावरून तुला कोणी पकडू नये," म्हणायचे. कोणी पकडलं नाही. माझं मराठीही शाळेतल्या इंग्रजीसारखंच, घडी न मोडलेलं. कॉलेजात कोणी जातीवरून विनोद केला की मी वहीत बघायची. इथे आल्यावरही तेच.

युट्रेख्ट विद्यापीठातलं शिक्षण संपवून नोकरीसाठी इकडे आले तेव्हा ओळखीचं कोणी नव्हतं. मेधाताईंनी आपली जुनी सायकल दिली, थंडीचा कोट कुठून घ्यायचा ते दाखवलं, दर रविवारी जेवायला बोलावलं. पोळ्या लाटताना त्यांची बोटं वळायची नाहीत. लाटणं तळव्यानं ढकलायच्या. मला लाटू द्यायच्या नाहीत. "तू पाहुणी," म्हणायच्या.

दुसऱ्या सलाईननंतर एकदा मूठ वळवून दाखवली. मूठ पुरती मिटली नाही.

"या वेळी फरक वाटतोय गं. बघ ना."

"छान," मी म्हटलं.

तो शब्द माझ्या तोंडात कितीतरी दिवस राहिला. दुसरं काय म्हणणार होते? त्या रविवारी मी त्यांची एक पोळी खाल्ली आणि दुसरी नको म्हटलं.

मग ही दिवाळी. सुहासदादांनी सगळ्यांसमोरच विषय काढला.

"अगं, पिशव्या तूच भरतेस ना? मग आपल्या माणसाला खरं औषध भरायला काय होतं?"

विनोद समजून मी हसले.

"मी सिरीयसली विचारतोय. कोणाला कळणार आहे?"

"दादा, तसं नाही करता येत. पटत नसेल तर ताई चाचणीतून कधीही बाहेर पडू शकतात."

"बाहेर पडून काय मिळणार? औषध तर तुझ्याकडेच आहे!" मग थोडं थांबून, पाहुण्यांकडे बघत, "तिकडे ब्रेडा शहरात तुझ्या भारतातल्या कॉलेजातला एक जण भेटला. म्हणाला, हिची ॲडमिशन कुठल्या यादीतून झाली ते विचारा तिला. मी म्हटलं, जाऊ दे, आपल्याकडे असलं काही मानत नाही कोणी."

आणि मग ते नियमांचं वाक्य.

 नेहमीसारखं खाली बघावंसं वाटलं. खाली ताटली होती. मी ती टेबलावर ठेवली.

"हो, मी कोट्यातून आले," मी म्हटलं. "आणि पिशवी बदलणार नाही."

एवढंच.  कोट घेतला, बाहेर पडले. मेधाताई बाहेर आल्या नाहीत.

आठवड्याभरात मारलीननी बोलावलं. दादांनी चाचणीच्या डॉक्टरांना फोन केला होता. पत्नीची पिशवी त्या मुलीच्या हातची नको. कुटुंबाला बरं वाटत नाही.

"तुमच्या समाजातला काही मामला आहे म्हणे," मारलीन म्हणाल्या.

मी त्यांना डचमध्ये जात समजावली. शब्द सापडत नव्हते. एवढ्या वर्षांत मी कुठल्याच भाषेत त्याबद्दल बोलले नव्हते.

"पण तुम्ही एकाच देशाचे ना?" त्यांनी विचारलं.

"हो. म्हणूनच."

त्यांनी समोरचं वेळापत्रक उघडलं. मग म्हणाल्या, "तुझ्या गटातला पिटर भरेल ही पिशवी. सगळ्यांनाच बरं पडेल. तुला तर पहिल्यापासून नकोच होती."

तेही खरं होतं. मला हवं ते आयतं समोर आलं होतं. हो म्हटलं की ताईंच्या पाण्यासमोर बसणं संपलं असतं. मला हो म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं.

"मी मागितलं तेव्हा मी त्यांची मैत्रीण होते," मी म्हटलं. "तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. आता कारण माझे हात आहेत. या कारणासाठी मी बाजूला होणार नाही. आज झाले तर उद्या कोणीही येऊन म्हणेल, हिच्या हातचं नको."

मारलीननी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. पिशवी कोणी भरायची ते रुग्णाचं घर ठरवत नाही. मी कळवते."

ताई चाचणीतून बाहेर पडल्या नाहीत. पुढच्या खेपेला त्यांची पिशवी मीच भरली. पाण्याची. बसून राहिले. पिटरनं भरली असती तरी पाणीच असतं, हे मला कळत होतं. पण मी माझा मान राखला होता आणि ताईंच्या बोटांना काहीच मिळणार नव्हतं. दोन्ही एकाच वेळी, माझ्याच हातांनी. मग आवरण चढवलं.

दुपारी लिफ्टपाशी ताई भेटल्या. मनगटावर पट्टी.

"ह्यांचं मनावर घेऊ नकोस गं. तसे नाहीत ते."

"ताई, तुम्हाला ऐकू आलं होतं ना?"

"मी चहा गाळत होते."

"दार उघडं होतं."

त्या लिफ्टच्या बटणाकडे बघत राहिल्या. लिफ्ट आली. आत गेल्या.

चाचणी संपली, ताईंना कळलं असेल की त्यांना पाणी मिळत होतं. त्यांना काय वाटलं, मला माहीत नाही. मला वाईट वाटतं. ते वाईट वाटणं माझं आहे, कोणाला देऊन टाकता येत नाही. पण लाजेचं तसं नाही. ती मी इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी सांभाळली.

आता कोणी गाव विचारलं की मी गाव सांगून थांबत नाही, जात सांगते. न विचारता सांगते. ज्याला उठून जायचं त्यानं जावं. पिशवी मीच भरणार.