द्वादशीचं तेल

शिवशरणप्पा सर कुणाशीही बोलण्याआधी हाताला लागेल ते पान चुरगाळून हुंगत. तुळस, ओवा, गवती चहा, नीलगिरी. माझ्या बहिणीच्या लग्नात तर मांडवाच्या आंब्याच्या डहाळ्याही त्यांनी सोडल्या नाहीत. हुंगून झालं की म्हणत, "नाक साक्षीदार हाय, न्यायाधीश न्हाई." निकाल लागायचा तो काचेच्या भांड्यात. पाला पाण्यात उकळायचा, वाफ थंड करायची आणि पाण्यावर तरंगलेलं तेल अरुंद नळीवरच्या रेघांवर वाचायचं.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत, मी गणित. रोज चिटगुप्प्याहून बसनं येत. तुळशीच्या तेलावर त्यांची पीएच.डी. चालू होती, मी नोकरीला लागलो तेव्हा तिला नववं वर्ष होतं. ज्यामुळे तुळशीला लवंगेची झाक येते ते युजेनॉल तेलात किती, हे हैदराबादच्या प्रयोगशाळेतून कळायचं. तेलाचा परिणाम मात्र सर इथंच बघत. बशीत बुरशी वाढवायची, तेल टिपलेला कागदाचा तुकडा मधे ठेवायचा आणि त्याच्याभोवती बुरशी न उगवलेलं वर्तुळ पट्टीनं मोजायचं.

टीव्हीवर हर्बल साबणांच्या जाहिराती जोरात होत्या ते दिवस. औषधाच्या दुकानदारानं त्यांना विचारलं, "सर, तुळशीच्या तेलानं काय काय बरं होतंय? बाटल्या ठेवाव्या म्हणतो."

"बशीतली बुरशी मरतीय. माणसाचं मी अजून बघितलो न्हाई."

दुकानदारानं बाटल्या ठेवल्याच. सरांना विचारणं तेवढं बंद केलं.

कॉलेजमागे तुळशीचे सहा वाफे होते. त्यांचं सगळं सुभद्राक्का बघायची. ती मूळची हळ्ळीखेडची. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वर्षभर रोज सकाळी ती पाल्याची टोपली प्रयोगशाळेत ठेवायची आणि सर आल्यावर त्यातला दोनशे ग्रॅम तोलून घ्यायचे. तेल एक मिलिलिटरच्या आसपास निघे. वर्ष संपल्यावर रोजच्या आकड्यांची वही हिशोबासाठी माझ्याकडे आली. पंधरा दिवसांतून एकदा तेल पाचव्या हिश्शानं खाली जात होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर येत होतं. मी कॅलेंडर लावून पाहिलं. प्रत्येक घट द्वादशीची होती, चोवीसपैकी चोवीस. हिशोब दोनदा तपासून मी सहीनिशी लिहून दिलं की हा योगायोग नाही.

सरांचं लिंगायत घर. तिथी आणि मुहूर्त यांना त्या घरात तीन पिढ्या थारा नव्हता. "आमचे अप्पा असते तर घराबाहेर काढले असते," ते म्हणाले. हेडक्लार्कनी मात्र पेढे वाटले. द्वादशीला तुळस खुडू नये म्हणतात ते उगीच का, असं ते आठवडाभर सांगत फिरले. मार्गदर्शकही खूश. "बाकीचं जगाला ठाऊक आहे. पदवी मिळेल ती या प्रकरणावर." प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते आणि मुदत आधीच दोनदा वाढवून घेतलेली होती.

सुभद्राक्काला ही बातमी हेडक्लार्ककडून कळली. ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"व्हय अण्णा, द्वादशीला तेल कमी निघतंय म्हणं?"

"वर्षभर कमीच निघायलंय, अक्का."

"पण म्या द्वादशीला कवा हात लावला तुळशीला?"

सर खुर्चीतून उठले. "मग टोपलीत काय असायचं?"

"आदल्या दिवशी खुडून ठिवते की. सुकू नये म्हणून वल्ल्या फडक्यात बांधते. तुमचं काम बी अडू नये, मला पाप बी लागू नये."

"मग सांगितलीस कामून न्हाई?"

"तुमी कुठं इचारला?"

त्या पाल्याची ओल सरांच्या हाताला लागत होती. ते तिला दव समजत आले, उन्हाळ्यातसुद्धा. त्याच दुपारी त्यांनी पाला फडक्यात बांधून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तोलला. दोनशे ग्रॅममध्ये चाळीस ग्रॅम पाणी निघालं. चोवीस वेळा आम्ही पाणी तोललं होतं आणि तो योगायोग नव्हता, हे मी लिहिलेलं खरंच होतं.

मार्गदर्शक फोनवर म्हणाले, "परीक्षक काही टोपली बघायला येत नाहीत." मीही मधली वाट काढली: आकडे छापा, कारण लिहू नका, आकडे तर खोटे नाहीत. याची मला अजून लाज वाटते.

सर म्हणाले, "मास्तर, आकडा खरा असून माणूस खोटा असतोय की."

त्यांनी ते प्रकरण ठेवलं आणि शेवटी एक ओळ जोडली: घटीचं कारण ओलं फडकं. 'नवीन निष्कर्ष नाही' या शेऱ्यासह प्रबंध परत आला. सर पदवीशिवाय निवृत्त झाले. हेडक्लार्कचं म्हणणं शेवटपर्यंत एकच होतं: सिद्ध झालं होतं, सरांनी दाबलं. सुभद्राक्काला सर एका शब्दानं बोलले नाहीत.

सर वारले त्याच्या आदल्या वर्षी ते दर द्वादशीला पहिल्या बसनं यायचे आणि स्वतः पाला खुडायचे. वर्षअखेर त्यांनी चोवीस आकडे माझ्यापुढे ठेवले. इतर दिवसांइतकेच होते. मग आम्ही दोघं वाफ्यांकडे गेलो. सुभद्राक्का तण काढत होती.

"अक्का, द्वादशीला बी तेवढंच तेल निघायलंय. पक्कं झालं आता."

तिनं मान वर केली नाही. "निघंल की अण्णा. तेल कमी निघतंय म्हणून कुठं खुडायची थांबत होते मी?"

सरांनी खिशातलं पेन काढलं, वही उघडली, आणि काही न लिहिता दोन्ही परत ठेवली.