आधी एका वाफ्यात

उंद्रीजवळ आमची मिरचीच्या रोपांची नर्सरी आहे, ती आई चालवते. माझ्या डोळ्यांचा पडदा कडेकडेने मरत चाललाय. मला नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. एका शहरातल्या दवाखान्याची जाहिरात वाचून मी आईला घेऊन तिथे गेलो. स्टेम सेलचं इंजेक्शन, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी, नजर परत येण्याची गॅरंटी. सही करायला मी पेनसुद्धा काढलं होतं.

आईने विचारलं, "हे स्टेम सेल म्हंजे काय?"

तिथला माणूस म्हणाला, "मावशी, नव्या पेशींची रोपं समजा. पडद्यात लावायची."

"मंग दोन्ही डोयात एकदम काऊन? नवं बियाणं आलं का आपण आधी एका वाफ्यात टाकून पायतो. अन् रोप जगीनच, अशी गॅरंटी मी आजवर कोनाले देली नाही."

तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. परतीच्या एस.टी.त मी रागाने तिच्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसलो.

नंतर आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे उपचार अजून तपासून पाहिले जातायत, अशा दवाखान्यांतल्या इंजेक्शनांनी काहींची होती ती नजरही गेलीय, आणि नीट तपासणारेही सहसा आधी एकाच डोळ्यावर प्रयोग करतात.

मधली उरलेली नजर आईमुळे शाबूत आहे. जवळचा चेहरा मात्र माझ्या नळीत अर्धाच मावतो. हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी हल्ली माझ्याशी बोलायचं असलं की आई आपणहून दोन वाफे मागे जाऊन उभी राहते.