नोंदवहीत न आलेली भाजी

सिलतरा या कारखान्यांच्या वसाहतीपलीकडच्या एका गावात जैवविविधता समितीची नोंदवही तयार करायचं काम माझ्याकडे आलं होतं. गावात जे उगवतं, उडतं, पोहतं ते गावकऱ्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं. समितीचे बाकीचे सदस्य सही करून निघून जायचे. माझ्यासोबत फिरायची ती एकच म्हातारी. रानभाज्या विकून तिनं संसार केला होता. मला नोनी म्हणायची, म्हणजे पोरी; मी तिला दाई म्हणायचे, म्हणजे आई.

पानांवर कारखान्यांची काजळी बसलेली असे. ती पदरानं पान पुसायची आणि मगच नाव सांगायची.

एका सकाळी तिनं मला तलावाच्या काठी नेलं. बाळंतिणीला द्यायची एक भाजी तिथे व्हायची. आम्ही खूप शोधलं. काठावर नुसती कारखान्यांची राख होती.

"लिख ले नोनी, इहां होवत रहिस," ती म्हणाली. इथे व्हायची, असं लिही.

"दाई, आहे तेच लिहायचं असतं. फोटो लागतो."

तिनं भाजीचं नाव दोनदा सांगितलं. मी मान डोलावली, पेन उघडलं नाही. परतताना ती माझ्या पुढे पुढे चालत राहिली.

घरी आईला सांगितलं. "काहून नाही लिहिलं? तिले किती वाईट वाटलं असन," ती म्हणाली. पुढच्या खेपेला लिहू, असं मी ठरवलं. मग ऑफिसची कामं निघाली आणि महिना गेला.

मी गेले तेव्हा दाईच्या अंगणात तिची सून एकटीच होती. खोकल्यानं सासू गेली, दहा दिवस झाले, म्हणाली. मी भाजीचं नाव विचारलं. सून कारखान्यात मजुरीला जायची.

"मोला नइ मालूम, दीदी. अम्मा अकेल्ला जात रहिस." तिला माहीत नव्हतं, अम्मा एकटीच जायची.

मग मी पाऱ्यातल्या, म्हणजे त्या वस्तीतल्या, घराघरांत विचारलं. म्हाताऱ्या बायकांना भाजीची चव आठवत होती. एकीनं एक नाव सांगितलं, दुसरीनं दुसरं. दाईच्या तोंडून ऐकलेलं त्यातलं एकही नव्हतं. मलाही ते आठवेना.

नोंदवही पूर्ण झाली. समितीत दाईच्या जागी सुनेला घेतलं. सही करायच्या आधी तिनं विचारलं, यात अम्माचं काय आहे? मी पानं उलटत गेले. दाईनं सांगितलेल्या भाज्या: करमत्ता, चरोटा, चेंच. ती एकेका शब्दाखाली बोट धरून वाचत होती. बाकीचे चहा पिऊन निघून गेले तरी तिचं वाचून झालं नव्हतं.