रिस्कच्या रकान्यातला लिन

अमेरिकेतल्या आमच्या बेलव्ह्यूहून निघताना बायकोला एवढंच सांगितलं, "स्टेट कॉलेजला जुना सहकारी आलाय, भेटून येतो." खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. आजवर मी असाच बोलत आलो. उरलेलं अर्धं इथे लिहितो.

दोन विमानं बदलून पोचलो. दुसरं इतकं लहान, की वाकून आत शिरावं लागलं. खाली पेनसिल्व्हेनियाचे डोंगर एकामागे एक आडवे पसरलेले. स्टेट कॉलेज नावाच्या त्या गावात उतरून विद्यापीठाची बस पकडली, तीही उलट दिशेची.

"काका, तुम्हाला पलीकडे जायचं होतं ना? रिलॅक्स, ही गोल फिरते," शेजारची मुलगी मराठीत म्हणाली. नागपूरची, इथे मास्टर्स करत होती. "कुणाकडे आलात?"

मी मराठी आहे हे हिला कसं कळलं? मी कुणाकडे आलो, ते हिला कशाला हवं? मग आठवलं, आत्ताच मी बायकोशी फोनवर बोललो होतो. ही संशयाची सवय मला चेंग्दूत लागली.

चौदा वर्षांपूर्वी चीनमधल्या त्या शहरात मी तीन वर्षं एका कंपनीची सॉफ्टवेअर टीम सांभाळत होतो. मॅनेजर मी, पण मजल्यावर एक 'शूजी' (कम्युनिस्ट पक्षाचा सचिव) बसे. टेबलावर कॉम्प्युटर नाही, नुसता चहाचा थर्मास. बढती, बोनस, घर, सगळ्या कागदांना त्याची मान हलावी लागे. गुरुवारी दुपारी पक्षाच्या धोरणाचा वर्ग. सभासद नसलेलेही मुकाट बसत.

लिन माझ्या टीममधला, खेड्यातून आलेला. कंपनीनं सही केली, की त्याला शहराचं 'हुकौ' (रहिवासाची नोंद) मिळणार होतं आणि मुलीला शहरातली शाळा. एकदा लिन, त्याचा जिवलग मित्र वू आणि मी जेवायला बसलो होतो. लिन म्हणाला, "पक्ष कामगारांचा. युनियन पक्षाची. शूजीही पक्षाचा. मग कामगारानं ओव्हरटाइम मागायचा कुणाकडे?" वू म्हणाला, "गुरुवारच्या वर्गात विचार!" तिघंही हसलो.

त्याच आठवड्यात आमची डिलिव्हरी लांबली. आमच्या धंद्यात एक रीत आहे. आपल्यावर शेकण्याआधी रिपोर्टमधल्या 'रिस्क'च्या रकान्यात अडचण लिहून टाकायची. मग 'आधी का नाही बोललास' असं कुणी म्हणू शकत नाही. मी लिहिलं : 'लिन. ओव्हरटाइम आणि युनियनबद्दल नाराजी. टीमवर परिणाम शक्य.' रिपोर्ट शूजीकडेही जातो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

महिन्याभरात लिनची नोकरी गेली, सही गेली, मुलगी गावी आजी-आजोबांकडे गेली. जेवायला आम्ही तिघंच होतो. परदेशी माणसाला काय पडलंय, म्हणजे चुगली वूनंच केली, असं धरून लिननं त्याच्याशी बोलणं तोडलं. मी गप्प राहिलो.

लिनची तीच मुलगी आता इथे स्टेट कॉलेजला पीएचडी करतेय. तिच्याकडे राहायला आलेल्या लिननं माझा नंबर शोधून फोन केला होता.

दार उघडताच त्यानं माझा फोन मागितला आणि स्वतःच्या फोनसकट मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. "मुलगी हसते मला. म्हणते, इथे कोण ऐकतंय? मी म्हणतो, ऐकणारा काय सांगून ऐकतो?"

टोमॅटो आणि अंड्याचे नूडल्स त्यानं स्वतः केले होते. वर ह्वाजियाओ (आपल्या तिरफळाच्याच जातीचं) भरडून घातलेलं. जीभ बधिर झाली.

"वू दर नव्या वर्षाला मेसेज करतो," तो म्हणाला. "मी एकही उघडत नाही."

"वू नव्हता, लिन. मी होतो." आणि त्या रकान्याचं सगळं सांगितलं.

त्यानं चॉपस्टिक खाली ठेवल्या. "कुणी पाठवलं तुला?"

"कुणी नाही."

"वूनं?"

"चेंग्दू सोडल्यावर तो मला कधी भेटलाच नाही."

"मग आजच का?"

"तुझा फोन आला म्हणून."

"आणि मी फोन केला नसता तर?"

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी लावत होतं. लिन उठला, पडदा ओढला आणि परत येऊन बसला.

"तर नसतं सांगितलं," मी म्हणालो.

"हे मात्र खरं वाटतं," तो म्हणाला.

मग त्यानं मायक्रोवेव्ह उघडला, माझा फोन माझ्या हातात दिला आणि स्वतःच्या फोनवर वूचे मेसेज वाचायला लागला. अगदी पहिल्यापासून. शेवटी दोनच शब्द टाइप केले. "काय लिहिलंस?" मी विचारलं.

"'जेवलास का?' तो अजून चेंग्दूतच राहतो. बाकीचं फोनवरून जायला नको." मान वर न करता तो म्हणाला, "आता तू नीघ."

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, पण तिकडे सगळ्यांवर दबावच असतो ना?" तिचंही बरोबर. इथल्या पार्ट्यांमध्ये मीच तर ते रंगवून सांगत आलो : तिथे भिंतींना कान, माणसं घाबरून एकमेकांची नावं देतात. ते खोटं नाही. पण मला शूजीनं कधी बोलावलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. लिनबद्दल मला कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं.